उसना आवाज



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा आम्ही भीत भीतच सांगितले की, गाणी करायचे एक लहानसे यंत्र आम्ही गेले वर्षभर शिकत आहोत, त्याविषयी बोलू. चालक क्षणभर गप्प राहिले. याच व्यासपीठावरून काल राज्यघटनेवर व्याख्यान झाले, उद्या पाणीवाटपावर होणार. आणि मध्येच हा निवृत्त प्राथमिक शिक्षक एका खेळण्याविषयी बोलणार, असे त्यांच्या मनात आले असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. आम्हालाही आरंभी ते खेळणेच वाटले होते. पुढे त्या खेळण्याच्या निमित्ताने आमच्या हातून एका माणसाचा अपराध घडला, आणि तो निस्तरताना आम्ही जे शिकलो ते चारचौघांत सांगावे असे वाटले. म्हणून हा विषय.

आमचे संगीतशिक्षण म्हणाल तर एकादशीच्या भजनात झांज धरण्यापलीकडे गेलेले नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे श्रोत्यांत जे जाणकार बसले आहेत ते आमच्याकडून फार अपेक्षा करणार नाहीत.

यंत्र आमच्या पुतण्याने आणून दिले. स्वीडनमधील स्टॉकहोम येथील टीनेज इंजिनिअरिंग या कंपनीने ते २०२३ साली बाजारात आणले, त्याला के.ओ. टू म्हणतात. दिसायला ते वाण्याच्या गल्ल्यावरील मोठ्या कॅल्क्युलेटरसारखे. चार बारीक पेन्सिल सेलवर चालते, खांद्यावरच्या पिशवीत मावते. अंगातच एक मायक्रोफोन आणि एक लहान स्पीकर आहे. बोटाने दाबायच्या बारा कळा आहेत, आणि अशा बारा-बारांचे चार संच आहेत. ते दोन कामे करते. त्या दोन्ही कामांची नावे इंग्रजी असली तरी कामे अगदी ओळखीची आहेत.

पहिले काम सॅम्पलरचे, म्हणजे नमुना घेण्याचे. धान्याचा व्यापारी पोत्यातून मूठभर दाणे काढून पाहतो, तसे हे यंत्र आवाजाची मूठ काढते. दाराची कडी वाजली; यंत्राने त्या एका क्षणात हवेच्या कंपनाची मापे घेतली, सेकंदाला सेहेचाळीस हजारांहून अधिक वेळा, आणि ती आकड्यांत लिहून ठेवली. इतक्या वेळा कशासाठी? तर माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि कोणतेही कंपन पकडायचे तर त्याच्या दुपटीहून अधिक मापे घ्यावी लागतात, असे गणित आहे. ती मापे ज्या वेगाने लिहिली त्याच वेगाने वाचली तर कडी कडीसारखी वाजते. दुप्पट वेगाने वाचली तर तीच कडी एक सप्तक वर जाते, अर्ध्या वेगाने वाचली तर एक सप्तक खाली. ज्यांनी लहानपणी ग्रामोफोनवर तबकडी मुद्दाम जोरात फिरवून घरच्यांचा ओरडा खाल्ला असेल, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. वेग थोडा थोडा बदलत गेले की त्या एका कडीतून बारा स्वर निघतात. आमच्या घरच्या फाटकाची कडी आता भूप वाजवते.

दुसरे काम सीक्वेन्सरचे, म्हणजे क्रम लावण्याचे. एका आवर्तनाचे सोळा खण कल्पावेत. कोणत्या खणात कोणता आवाज टाकायचा ते आपण सांगायचे. यंत्र ते खण ओळीने मोजत जाते आणि शेवटच्या खणानंतर पुन्हा समेवर येते. श्रोत्यांना त्रिताल आठवला असेल. परंतु त्रितालाच्या सोळा मात्रा आणि हे सोळा खण एकच समजू नयेत. येथे ठोके चारच, आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग. शिवाय यंत्राला खाली-भरी कळत नाही. त्याला सगळे खण सारखे. हा मुद्दा कृपया ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

ही कल्पना काल-परवाची नव्हे. १९४८ साली पॅरिसच्या नभोवाणीत काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी रेल्वेच्या आवारात जाऊन इंजिनांचे आणि डब्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले, आणि केवळ त्या आवाजांची रचना करून ती नभोवाणीवरून ऐकवली. तबकडीवरची खाच वर्तुळात बंद केली की सुई तेथल्या तेथे फिरत राहते आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. आपण तेच ते बोलणाऱ्या माणसाला ‘तबकडी अडकली’ म्हणून हसतो. शेफर यांना त्या अडकण्यातच ठेका ऐकू आला.

पुढे १९८० साली रॉजर लिन या अमेरिकन कारागिराने एलएम-१ नावाचे तालयंत्र काढले. त्यात खऱ्या ड्रमचे नमुने भरलेले होते. १९८७ च्या एसपी-१२०० या यंत्रात सगळे मिळून फक्त दहा सेकंदांचा आवाज मावत असे. मग न्यूयॉर्कमधील तरुणांनी एक युक्ती केली. तेहतीसच्या वेगाची तबकडी पंचेचाळीसच्या वेगाने वाजवून भरायची, म्हणजे कमी जागेत बसते, आणि यंत्रात तिचा वेग पुन्हा उतरवायचा. त्यामुळे आवाजात एक खरखर येई. ती खरखरच पुढे त्या संगीताची ओळख झाली. १९८८ साली याच लिन यांनी जपानच्या अकाई कंपनीसाठी एमपीसी-६० तयार केले. नमुना घेणे, बोटांनी वाजवणे आणि क्रम लावणे ही तिन्ही कामे एकाच पेटीत आली. आमच्या पिशवीतले यंत्र याच घराण्यातले.

आपल्याकडचेही एक नाव घेतले पाहिजे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत जपानी रोलँड कंपनीची यंत्रे घेऊन दहा रागांची एक तबकडी केली. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले जाणकार चकित झाले. २०१५ साली ते वारले.

असो. आता आमच्या शिकण्याकडे वळतो.

पहिले तीन महिने आम्ही रोज सकाळी चहानंतर यंत्र घेऊन बसत होतो आणि रोज एक नवा तुकडा करीत होतो. तुकडा आठ-दहा सेकंदांचा. तो फिरत राही, आम्ही मान डोलावत राहू, आणि आमची सौभाग्यवती आतून विचारी, “हे संपायचं कधी?” तिने थट्टेने विचारलेला हा प्रश्न मोठा मार्मिक होता. आमच्याजवळ साठ-सत्तर तुकडे जमले, पण गाणे एकही नव्हते. तुकडा फिरत राहतो म्हणून गोड वाटतो. गाण्याला मात्र आरंभ असतो, वाढ असते, आणि मुख्य म्हणजे ते थांबावे लागते.

पुतण्याने मग आम्हाला एक नियम घालून दिला. दर रविवारी एक गाणे पुरे करायचे. दोन मिनिटांहून मोठे नको. त्यातले आवाज त्याच आठवड्यात, आपल्याच घरात किंवा गल्लीत घेतलेले असावेत. आणि रविवारी संध्याकाळी ते कोणातरी माणसाला ऐकवायचे, मग ते कसेही होवो. शाळेत आम्ही मुलांना पस्तीस वर्षे गृहपाठ दिला. उतारवयात तो आमच्याकडून करून घेतला गेला.

या नियमाने जे शिकवले ते कोणत्याही पुस्तकाने शिकवले नसते. सौभाग्यवतीच्या खलबत्त्याचा आवाज घेताना मायक्रोफोन फार जवळ धरला तर आवाज फाटतो, फार दूर धरला तर खलबत्त्यापेक्षा छताच्या पंख्याची घरघर जास्त येते. हातभर अंतर बरे. नमुन्याच्या आरंभी नखाएवढी शांतता उरली तरी ठोका मागे पडतो, म्हणून ती कापावी लागते. परंतु शेवट फार जवळून कापला तर आवाज मुका होतो, कारण घणघण मागे रेंगाळते तिच्यातच त्या वस्तूचा जीव असतो. आणि सर्वांत मोठा धडा हा की, गाणे बांधणे म्हणजे बरेचसे काढून घेणे. खलबत्ता, कडी, पिंपावरची थाप आणि कुकरची शिट्टी ही सगळी मंडळी एकदम बोलू लागली की ती लग्नाची पंगत होते. आधी खलबत्ता एकटा येऊ द्यावा. मग थाप. मग कडीने मुखडा धरावा. अंतऱ्याला खलबत्ता काढून घ्यावा. तो परत आला म्हणजे ऐकणाऱ्याला घरी आल्यासारखे वाटते. यंत्र नवे असले तरी ही रीत आपल्या भजनात आहे, लावणीतही आहे. आम्ही ती इतकी वर्षे ऐकत होतो. तिच्याकडे लक्ष मात्र दिले नव्हते.

सहा महिने झाले आणि आम्हाला थोडा गर्व झाला. घरातल्या आवाजांनी पोट भरेना. खऱ्या ढोलकीचा बाज हवा असे वाटू लागले. आमच्या पेठेत एक वृद्ध ढोलकीवादक राहतात. त्यांचे नाव येथे घेत नाही. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ते आम्हाला गुरुजी. तरुणपणी मेळे, जलसे, तमाशाचे फड, नंतर ऑर्केस्ट्रा, असे त्यांनी सगळीकडे वाजवले. पुढे ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आला. आठ चौकोनांवर काड्या मारणारा एक मुलगा ढोलकी, ढोल, ताशा सगळेच वाजवू लागला आणि अण्णांना बोलावणी येईनाशी झाली. हे आम्हाला माहीत होते. माहीत असूनही आम्ही जे केले तो आमचा अपराध.

आम्ही अण्णांना घरी बोलावले. चहा झाला. त्यांनी ढोलकीची शाई आणि वाद्या तपासल्या, आणि आम्ही एकेक आघात मागत गेलो: शाईवरचा टणक बोल, काठावरचा, डाव्या बाजूचा घुमारा, मुठीने दाबलेला घुमारा, उघडी थाप. बारा कळांना बारा आघात. अण्णांनी अर्ध्या तासात सगळे दिले. आम्ही आनंदाच्या भरात, ते ढोलकी गवसणीत भरीत असतानाच, ते बारा आवाज फोनवरून पुतण्याला पाठवून दिले. मग पाकीट पुढे केले. अण्णांनी पाकीट हातात धरले आणि अगदी शांतपणे विचारले,

“गुरुजी, हे पैसे आज वाजवल्याचे, का उद्या हे यंत्र वाजवील त्याचेसुद्धा?”

आम्हाला उत्तर सुचले नाही. पस्तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिलेला मनुष्य स्वतःच्याच घरात निरुत्तर झाला. आवाज पुढे गेले आहेत हेही आम्ही त्यांना सांगितले, कारण ते लपवणे अधिक वाईट झाले असते. अण्णांनी पाकीट तिवईवर ठेवले, ढोलकी खांद्याला लावली आणि ते निघून गेले. संध्याकाळी पुतण्याचा निरोप आला की, आवाज झकास आहेत. त्याने तीन मित्रांनाही दिले.

श्रोतेहो, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे हे आम्हाला नंतर वाचून कळले. अमेरिकेत १९६९ साली विन्स्टन्स नावाच्या वाद्यवृंदाने ‘आमेन, ब्रदर’ नावाची एक रचना तबकडीवर काढली. तिच्यात मध्येच इतर सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटे चार आवर्तने ड्रम वाजवतात. सारे मिळून सहा-सात सेकंद. सॅम्पलर आल्यावर ते सहा-सात सेकंद हजारो गाण्यांत गेले. इंग्लंडमध्ये तर त्यांच्या पायावर संगीताचे सबंध प्रकार उभे राहिले. कोलमन यांना त्यापायी काहीही मिळाले नाही. २००६ साली ते वारले तेव्हा ते बेघर होते. वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना २०१५ साली संगीतप्रेमींनी वर्गणी काढून चोवीस हजार पौंड दिले. ती कृतज्ञता खरी, पण वर्गणी म्हणजे हक्क नव्हे.

कायद्यानेही या गोष्टीत लक्ष घातले आहे. १९९१ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयापुढे एका गाण्यातला तुकडा परवानगीवाचून उचलल्याचा खटला आला, तेव्हा न्यायाधीशांनी बायबलातील चोरी न करण्याच्या आज्ञेनेच निकालाचा आरंभ केला. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा असा स्वतंत्र हक्क नव्हता. १९९४ च्या दुरुस्तीने तो आला. परंतु कायदा न्यायालयाच्या पायरीवर भेटतो. अण्णांचा प्रश्न आमच्या तिवईवर पडून होता.

दोन आठवडे अण्णा दिसले नाहीत. आम्ही पुतण्याकरवी त्या तिघा मित्रांना गाठले. दोघांनी आवाज पुसून टाकले. तिसऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले की, ते त्याच्याकडून पुढे कोणाकोणाकडे गेले याचा त्याला पत्ता नाही. बाणाची आणि शब्दाची गोष्ट आम्ही वर्गात शेकडो वेळा सांगितली होती. तिच्यात आवाजाची भर घालायला हवी होती. हे सगळे घेऊन आम्ही अण्णांच्या घरी गेलो आणि जसे होते तसे सांगितले. पुसले ते पुसले. जे गेले ते गेले. आमची चूक झाली.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “ऑक्टोपॅड आला तेव्हा मला कोणी सांगायलासुद्धा आलं नव्हतं. तुम्ही आलात.” आणि थोड्या वेळाने, “ते यंत्र घेऊन या. मला शिकवा.”

आम्ही यंत्र नेले. आधी आमच्या अभिमानाचा ठेका ऐकवला, त्यांच्याच आघातांतून सोळा खणांत नीट बसवलेला. अण्णांनी ऐकले आणि विचारले, “हे कोण वाजवतंय? पोलिसांची परेड आहे काय?”

येथे तो मघाचा मुद्दा येतो. यंत्रात एक सोय असते. तिला क्वांटाइझ म्हणतात. तुमचे बोट थोडे पुढेमागे पडले तरी यंत्र तो आघात ओढून नेमक्या खणावर बसवते. आम्हा नवशिक्यांना ती देवाची कृपा वाटते. रॉजर लिन यांना त्यातली उणीव पहिल्यापासून ठाऊक होती. म्हणून त्यांनी आपल्या तालयंत्रात झोल ठेवला होता. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक खण सेकंदाचा आठवा भाग असतो. दर दोन खणांपैकी दुसरा सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने जरी मागे सरकवला, तरी परेड मोडते आणि चाल डुलू लागते. इतकीशी ती फट! पण कानाला ती कळते, आणि पायाला तर त्याहून आधी कळते. डेट्रॉइटचे जे डिला यांनी हीच फट आणखी पुढे नेली. एक आवाज जरा आधी, दुसरा जरा उशिरा, अशी त्यांची मांडणी. ते २००६ साली बत्तिसाव्या वर्षी वारले. त्यांचे एमपीसी यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवले आहे.

अण्णांना हा इतिहास माहीत नव्हता. त्यांनी फक्त विचारले, “हे ओढणं बंद होतं का?” आम्ही ते बंद करून दिले. अण्णांनी चष्मा सावरला, दोन बोटांनी कळांवर ठेका धरला, चारदा फिरवला आणि हात काढून घेतला. यंत्र तसेच वाजत राहिले. पहिली तीन आवर्तने सारखी; चौथ्यात समेच्या आधीचा एक आघात किंचित रेंगाळलेला, जणू गाणारणीने पदर सावरेपर्यंत ढोलकी थांबली आहे. जे आम्हाला सहा महिन्यांत साधले नव्हते ते त्यांना अर्ध्या तासात साधले. पण त्या अर्ध्या तासामागे पन्नास वर्षे होती. आम्ही कौतुक करू लागलो तर ते म्हणाले, “यंत्र चांगलं आहे, गुरुजी. पण याला वाट बघता येत नाही. चौथ्या वेळचं थांबणं आता ते दर चौथ्या वेळी थांबणार. गाणारी थांबो की न थांबो.”

यंत्राविषयी याहून नेमके वाक्य आम्ही कोठे वाचलेले नाही.

त्या दिवशी आम्हा दोघांत चार गोष्टी ठरल्या. अण्णांचे आघात त्यांना विचारल्याशिवाय या यंत्राबाहेर जाणार नाहीत. ज्या गाण्यात ते असतील त्या गाण्यावर त्यांचे नाव आधी येईल. गाणे चार लोकांपुढे वाजवले तर त्या दिवशीची बिदागी अण्णांची, मग ते स्वतः वाजवोत वा त्यांचे आघात वाजोत. आणि चौथी अट त्यांनी स्वतः घातली: निदान एका गाण्यात यंत्राने ढोलकी वाजवायची नाही. त्यात खलबत्ता, कडी आणि झांज यंत्राने धरायची, आणि ढोलकी त्यांनी हातात घ्यायची. हे गाणे आम्ही गेल्या दिवाळीत पेठेतल्या देवळासमोर केले. एक मिनिट पन्नास सेकंदांचे. लोकांनी ते तीनदा करायला लावले, आणि तिन्ही वेळा अण्णांनी शेवट निराळा केला. यंत्राने तिन्ही वेळा तोच केला.

आम्हाला कोणी विचारतात, हे यंत्र घ्यावे का? अवश्य घ्यावे. याच्याइतकी स्वस्त संगीतशाळा नाही, कारण ते ऐकायला लावते. सायंकाळी एसटी स्थानकावर उभे राहिले की आता आम्हाला गोंगाट ऐकू येत नाही. पत्र्यावरचा पाऊस, कंडक्टरची घंटी आणि फेरीवाल्याची हाळी निरनिराळी ऐकू येते. परंतु घेणाऱ्याने दोन गोष्टी पदरात बांधून घ्याव्यात. पहिली, तुकडे साठवू नयेत; वाईट का होईना, गाणे पुरे करावे आणि कोणाला तरी ऐकवावे. दुसरी, प्रत्येक आवाजाचा कोणी तरी धनी असतो. पावसाचा नसेल, पण ढोलकीच्या थापेचा असतो, गळ्याचा असतो, आणि फेरीवाल्याच्या हाळीचासुद्धा असतो. आवाज घ्यायला एक क्षण लागतो, विचारायलाही जवळजवळ तितकाच. आम्ही तो क्षण वाचवायला गेलो, आणि अण्णांचे बारा आघात आज कोठे वाजत आहेत हे आम्हाला आता कधीच कळणार नाही.

मूळ नियमाप्रमाणे आजही दर रविवारी एक गाणे होते. अण्णा येतात, चहा होतो, आणि आम्ही दोघे यंत्रापुढे बसतो. लेखनात आणि भाषणात स्वतःला ‘आम्ही’ म्हणण्याची आमची जुनी खोड. या गाण्यांच्या बाबतीत मात्र तो शब्द आता खरा आहे.